क्राकूफचा शिंपी यान तिरानोव्स्की: मुलांना काय शिकवायचा?

निर्मळकाठ (वसई)
नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामात तरुण मुलांचा गट आहे. ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे माळेवरच्या प्रार्थनेचा महिना, आणि यंदा बोलायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. संतांची चरित्रं मुलांनी लहानपणापासून ऐकली आहेत, फादर-सिस्टरांच्या कामाबद्दलही ऐकलं आहे. मला झगा न घातलेल्या माणसाबद्दल बोलायचंय. पोप जॉन पॉल दुसरे तरुण असताना एका शिंप्याने त्यांना घडवलं, एवढंच माझ्या वाचनात आलंय. हा माणूस मुलांना नेमकं काय शिकवायचा आणि कसं? "फार भाविक होते" एवढ्यावर आमची मुलं ऐकून घेणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

व्हिस्तुलाकाठ
मी नोकरीनिमित्त पोलंडमध्ये, क्राकूफला राहतो. वावेलच्या किल्ल्यासमोर पूल ओलांडला की देंबनिकी हा शहराचा भाग लागतो, तिथला हा माणूस. तुम्ही त्याच्यावर बोलणार हे वाचून फार बरं वाटलं. पोप ज्या खिडकीतून लोकांशी बोलायचे ती बघायला शहरात रीघ लागते, नदीच्या या बाजूला थोडेच येतात.

जन्म १९०१चा. शिक्षण हिशेबनिसाचं, पण ते काम सोडून घरच्या शिवणकामात आला. लग्न केलं नाही, धर्मगुरूही झाला नाही. घरात शिलाई मशिनं आणि पुस्तकांचे ढीग. सेंट स्टॅनिस्लाव्स कोस्तका चर्चमधल्या एका प्रवचनात, संत होणं अवघड नाही, असं त्याने ऐकलं आणि ते शब्दशः मनावर घेतलं. पुढचं सगळं त्यातून आलं.

१९३९ला जर्मन आले. मुलांना जमवून धर्मशिक्षण देणं धोक्याचं झालं. ते चर्च सेल्शियन संघाच्या धर्मगुरूंकडे होतं. मे १९४१मध्ये गेस्टापोने, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, त्यांच्यातल्या बहुतेकांना उचलून नेलं. मुलांकडे बघणार कोण? हा शिंपी बघत होता. 'जिवंत रोझरी' ही पद्धत मूळची फ्रान्समधली, पोलिन जारिको या बाईंनी १८२६मध्ये सुरू केलेली. एका गटात १५ मुलं. रोझरीची रहस्यं, म्हणजे येशू आणि मरियेच्या आयुष्यातले मनन करायचे प्रसंग, तेव्हा १५. प्रत्येकाच्या वाट्याला एक रहस्य, त्याने रोज तेवढंच म्हणायचं. म्हणजे १५ जण मिळून रोज एक पूर्ण रोझरी. एक जण चुकला तर माळेत खंड. प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच एक प्रमुख, आणि त्या प्रमुखांना तिरानोव्स्की दर आठवड्याला आपल्या घरी तासभर द्यायचा. कारोल वोयतिवा, म्हणजे पुढचे पोप, असेच एक गटप्रमुख होते. वय विशीचं. दिवसा दगडखाणीत आणि नंतर सोल्वेच्या कारखान्यात मजुरी. फेब्रुवारी १९४१मध्ये वडील वारले आणि घरात दुसरं कोणी उरलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या तासाभरात आहे. तो प्रवचन द्यायचा नाही. दिवस कसा घालवला याची वही ठेवायला लावायचा. प्रार्थना किती, वाचन किती, कुठे वेळ वाया गेला, सगळं लिहायचं. मग त्या वहीवर दोघांचं बोलणं. शिवाय संत योहान ऑफ द क्रॉस आणि आविलाची संत तेरेजा या स्पॅनिश संतांची पुस्तकं हातात द्यायचा. ही काही सोपी पुस्तकं नव्हेत, शिंप्याने मजुराच्या हातात द्यावीत अशी तर मुळीच नाहीत. पण या मुलांना ती झेपतील, असा त्याचा विश्वास होता. वोयतिवांनी त्या योहानासाठी स्पॅनिश शिकून घेतलं, आणि १९४८मध्ये रोममध्ये त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंधही त्याच्यावरच झाला.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. हा माणूस पहिल्या भेटीत आवडण्यासारखा नव्हता. आवाज किनरा, बोलणं जुन्या भक्तिग्रंथातलं. मिएचिस्वाव मालिन्स्की हा वोयतिवांचा मित्र, तोही या गटात होता आणि पुढे धर्मगुरू झाला. त्याने लिहून ठेवलंय की सुरुवातीला त्याला हा गृहस्थ नकोसा वाटायचा. तरी तो जात राहिला. बोलण्याची छाप नसताना मुलं टिकली, याचं कारण मला एकच दिसतं: एकेका मुलाला त्याने स्वतःचा वेळ दिला.

तांबडी माती
व्हिस्तुलाकाठ, छान लिहिलंत. एक भर. त्या मे महिन्यात नेलेल्यांत फादर युझेफ कोवाल्स्की होते, याच चर्चमध्ये मुलांचं गायन बसवायचे. ऑशविट्झच्या छळछावणीत त्यांना रोझरी पायाखाली तुडवायला सांगितलं, त्यांनी नकार दिला. जुलै १९४२मध्ये त्यांना मारलं. रोझरीबद्दल बोलणार असाल तर हे वगळू नका, दादा. आमच्या घरी संध्याकाळी आजी रोझरी धरायची तेव्हा आम्ही चुळबुळ करायचो. हे आधी कळलं असतं तर वेगळं ऐकलं असतं.

रंकाळा
मी ख्रिस्ती नाही, पण कोल्हापूरचा आहे म्हणून लिहितो. त्याच काळात, १९४३पासून १९४८पर्यंत, आमच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यात मुलं भरपूर. त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या, स्काउटची पथकं होती. देश हातचा गेला की मुलांना कोणीतरी धरून ठेवावं लागतं, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्या गटाला इथे घेऊन या, मी दाखवतो.

निर्मळकाठ (वसई)
सगळ्यांचे मनापासून आभार. रंकाळा, सुट्टीत नक्की येऊ. दोन शंका. तिरानोव्स्कींचं पुढे काय झालं? आणि आता रहस्यं २० आहेत, मग गट केवढा करायचा?

व्हिस्तुलाकाठ
आजाराने त्यांचा एक हात कापावा लागला, आणि मार्च १९४७मध्ये ते गेले. वोयतिवा तेव्हा रोममध्ये शिकत होते. परत आल्यावर १९४९मध्ये 'तिगोद्निक पोव्शेख्नी' या कॅथलिक साप्ताहिकात त्यांनी गुरूवर लेख लिहिला. २०१७मध्ये चर्चने तिरानोव्स्कींना 'व्हेनरेबल' घोषित केलं, ही संतपदाच्या वाटेवरची एक पायरी. त्यांचे अवशेष आता देंबनिकीच्या त्याच चर्चमध्ये आहेत.

गट २०चा करा. प्रकाशाची पाच रहस्यं २००२मध्ये याच शिष्याने, पोप असताना, जोडली. वीस मुलं नसतील तर आई-वडिलांना घ्या. फक्त गटप्रमुख मुलांमधूनच निवडा, आणि त्याच्यासाठी आठवड्याला एक तास तुम्ही स्वतः राखून ठेवा.