‘सक्तीचे’ आणि ‘ऐच्छिक’ यांच्या मधल्या स्थलांतराला काय म्हणायचं?

अनुवादिनी (कोपरखैरणे)
एका प्रशिक्षण पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात स्थलांतराचे तीन प्रकार आहेत: फोर्स्ड, व्हॉलंटरी, लेबर. मी ‘सक्तीचे, ऐच्छिक, श्रमिक’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ‘ऐच्छिक’वर काट मारली, परीक्षेतला विषय वाटतो म्हणाल्या. ‘स्वेच्छेने’ केलं, तर पुढच्याच पानावर वीटभट्टीचं उदाहरण. मुरबाड-शहापूरची कातकरी कुटुंबं भिवंडीकडे भट्टीवर जातात, ती स्वेच्छेने? तिथे हात अडला. तुम्ही काय लिहाल?

पारसिक
‘स्वैच्छिक’ लिहा, तयार शब्द आहे. ‘श्रमिक स्थलांतर’ मात्र नको. श्रमिक माणूस असतो, स्थलांतर नव्हे. ‘रोजगारासाठी स्थलांतर’ करा.

मुरबाडचा मास्तर
ताई, त्या भागात पंधरा वर्षं शिकवलं. दिवाळीची सुट्टी संपली की पटावरची निम्मी पोरं वर्गात नसायची. भट्टीवाल्याचा बयाणा घरच्यांनी भर पावसाळ्यात घेतलेला, घरात दाणा नसताना. आया निघताना सांगायच्या, “गुरुजी, जगायला चाललो.” त्या ‘कामाला’ म्हणत नसत, ‘जगायला’ म्हणत. त्याच पट्ट्यात ‘लग्नगडी’ही होते. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबायचं. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, बयाणा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या (दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या) बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटलंय की भुकेपोटी माणूस किमान वेतनाहून कमी पैशात राबत असेल, तर तीही सक्तीची मजुरीच. मग हे स्थलांतर कुठल्या रकान्यात घालणार? मुळात पहिले दोन रकाने मर्जीचे आणि तिसरा कामाचा. ते एका ओळीत बसतच नाहीत.

पारसिक
गुरुजी, भावना पोचली. पण ‘जगायला जाणे’पासून ना नाम घडतं ना विशेषण. पुस्तिकेला पारिभाषिक शब्द लागतो, आणि तो संस्कृतातूनच सहज घडतो.

जुनी पोथी
सहज घडतो, पण अर्थ जागेवर राहतो का? ‘निर्वासित’ म्हणजे मुळात घालवून दिलेला. हिंदीत अजून तोच अर्थ आहे, आश्रयाला आलेल्याला ते ‘शरणार्थी’ म्हणतात. आपण मात्र फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पांत आलेल्या सिंध्यांना निर्वासित म्हटलं आणि तोच अर्थ रुजला. उलट ‘परागंदा’ फारसी, म्हणजे विखुरलेला. याहून मराठी शब्द दाखवा! आणि ‘वेठबिगार’ पाहा: वेठ संस्कृत ‘विष्टि’वरून, बिगार फारसी. दोन्हींचा अर्थ फुकट राबवून घेणं. राज्य कुणाचंही असो, राबणारा तोच राहिला, म्हणून हा जोडशब्द झाला असं मला वाटतं.

घणसोलीचा
आमचंही ऐका. १९७० मध्ये नवी मुंबई हे नवं शहर वसवायला ९५ गावांची जमीन घ्यायची ठरली. आमची भातशेती गेली, घर जागेवरच राहिलं. आजी म्हणायची, “आपण कुठं गेलो? शहरच आपल्या दारात आलं.” आता सांगा, आम्ही स्थलांतरित नाही, विस्थापितही नाही. विमानतळासाठी गावं उठली, ते विस्थापित. आम्ही ‘प्रकल्पग्रस्त’. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या जासईच्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हापासून या शब्दाला आमच्याकडे मान आहे. तो बदलून कुणी ‘प्रकल्पबाधित’ लिहिलं की मला राग येतो.

जुनी पोथी
ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणातल्या चंद्रासारखा. ‘बाधित’मध्ये ते गिळणं नाही. तुमचा राग रास्त आहे.

पारसिक
पण ग्रहण सुटतं. ‘ग्रस्त’ म्हणवून घेत तीन पिढ्या काढायच्या का?

घणसोलीचा
जमीन परत मिळाली की सोडू.

माथाडीची लेक
माझे वडील साताऱ्याहून मशीद बंदरला आले, आमच्या घरात ‘पोटासाठी आलो’ असंच म्हणतात. पुढे तिथला घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलला आणि आम्ही त्याच्यामागून कोपरखैरण्याला. पहिलं येणं कामासाठी. दुसऱ्या वेळी काम तेच, हलला तो बाजार. हे कशात धरायचं?

अनुवादिनी (कोपरखैरणे)
जनगणनेत स्थलांतराची कारणं विचारतात, त्यात बायकांचं सर्वांत मोठं कारण लग्न आहे. म्हणजे मीही स्थलांतरित, चिपळूणहून आलेली. माझी इच्छा कुणी विचारली नव्हती, सक्तीही नव्हती. सध्या मी ‘नाइलाजाचे स्थलांतर’ असा चौथा प्रकार पेन्सिलीने लिहून ठेवलाय. बाई खोडतील बहुतेक.

पारसिक
‘नाइलाज’मधला ‘इलाज’ अरबी आहे. ‘अगतिक स्थलांतर’ करा.

मुरबाडचा मास्तर
अगतिक म्हणजे जिला गती नाही. अहो, ती बाई डोक्यावर भांडी आणि कडेवर पोर घेऊन चालत निघालेली आहे.

माथाडीची लेक
‘माथाडी’ माथ्यावरून आला हे कळतं, पुढचं ‘आडी’ कुठलं? वडिलांना विचारलं तर म्हणाले, पाटीवाल्याला आधी ‘हमाल’च म्हणायचे, कायद्यात १९६९ ला माथाडी आलं.

जुनी पोथी
हमाल अरबी. ‘आडी’वर उद्या लिहितो, कोश वरच्या माळ्यावर आहे.