एसवाय बीएस्सी मॅथ्स: पुढे पीएचडी करायचीय, रिसर्चचा अनुभव कुठून आणू आणि टीवायला कोणते पेपर घेऊ?

गणितवेडी_नगर
नमस्कार सगळ्यांना. मी नगर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण कॉलेजात एसवायला आहे, सीजीपीए ८.६. एमएस्सी आणि मग पीएचडी करायचीच असं मनात पक्कं आहे, पप्पा म्हणतात बीएड कर म्हणजे नोकरी लागेल, पण आईला पटलंय. अडचण अशी की जिथे बघावं तिथे रिसर्च एक्सपिरियन्स पाहिजे म्हणतात आणि आमच्याकडे मॅथ्सचे दोनच सर, दोघंही जीव तोडून शिकवतात पण रिसर्च कुणी करत नाही. मी मोठ्या संस्थांमधल्या तीन प्रोफेसरांना मेल टाकले, एकाचंही उत्तर आलं नाही. दुसरं म्हणजे टीवायला नंबर थिअरी किंवा ओआर (ऑपरेशन्स रिसर्च) यातलं एक आणि लेबेग इंटिग्रेशन (नेहमीच्या इंटिग्रेशनची पुढची, जास्त व्यापक थिअरी) किंवा पायथन यातलं एक घ्यायचंय, सीनिअर सांगतात ओआर घे मार्क पडतात. फॉर्म पुढच्या आठवड्यात भरायचाय, प्लीज कुणीतरी सांगा.

एप्सिलॉनवाला
अगं आधी एक गोष्ट डोक्यातून काढ, बीएस्सीला कुणी तुझ्याकडून नवीन थिअरम मागत नाहीये. फिजिक्स-केमिस्ट्रीवाले लॅबमध्ये जाऊन हाताखाली काम करू शकतात, आपल्याकडे तसं नसतं. आपला अनुभव म्हणजे एखादा विषय कुणाच्या तरी देखरेखीखाली वाचायचा आणि त्याच्यासमोर फळ्यावर मांडायचा. त्यासाठी एमटीटीएसला, म्हणजे गणिताच्या मुलांसाठीच्या ट्रेनिंग प्रोग्रामला, अर्ज कर. १९९३ पासून चालू आहे, उन्हाळ्यात ४ आठवडे असतं आणि एसवायच्या मुलांसाठी लेव्हल ओ आहे. मीही तालुक्याच्या कॉलेजातनंच गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सरांनी उभं केलं, विचारलं क्लोज्ड आणि बाउंडेड सेट कॉम्पॅक्ट असतो का, म्हणजे ओपन सेट्सनी तो कसाही झाकला तरी त्यातले मोजकेच ठेवून पूर्ण झाकला जातो का. मी हो म्हटलं, रिअल लाइनवरचं पाठच होतं. ते एवढंच म्हणाले, "कुठे?" मी गप्प. मग म्हणाले नॅचरल नंबर्स घे आणि कुठल्याही दोन वेगळ्या आकड्यांमधलं अंतर १ धर. आता अख्खा सेट बाउंडेड आहे, क्लोज्डही आहे, पण प्रत्येक आकड्याभोवती अर्ध्या त्रिज्येचा ओपन बॉल (म्हणजे त्रिज्येपेक्षा कमी अंतरावरचे सगळे) काढला तर त्यात तो एकटाच बसतो, मग मोजक्या बॉलमध्ये सगळे येणार कसे? हे माझ्याकडून काढून घ्यायला त्यांनी पंचवीस मिनिटं घालवली, एकदाही स्वतः उत्तर दिलं नाही. व्याख्या वाचायची कशी हे मला त्या दिवशी कळलं.

तीन विज्ञान अकादम्यांची मिळून समर फेलोशिप असते, २ महिन्यांची, तीही बघ. दिवाळीच्या आसपास फॉर्म निघतात, सरांचं पत्र लागतं. आणि स. प. कॉलेज आणि होमी भाभा सेंटर मिळून माधव ही गणिताची स्पर्धा घेतात तिला बस, नंबर नाही आला तरी मागचे पेपर सोडवताना हात बसतो.

फळा_खडू
मी ३१ वर्षं डिग्रीला गणित शिकवलंय. पोरी, नंबर थिअरी घे, मार्कांचा विचार करू नकोस. ओआर वाईट नाही, पण आपल्याकडे त्यात सिम्प्लेक्स नावाच्या ठराविक रीतीची टेबलं भरण्यातच वर्ष जातं आणि तुला आत्ता प्रूफ लिहायची सवय पाहिजे. लेबेगबद्दल मात्र आधी शिकवणार कोण ते विचार. नोट्स डिक्टेट होणार असतील तर पायथन घे, लेबेग एमएस्सीला परत येतोच. तोवर रिअल अनालिसिस, मेट्रिक स्पेसेस आणि लिनिअर अल्जेब्रा इतके घट्ट कर की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. लिनिअर अल्जेब्रा तर आपली मुलं नुसती मॅट्रिक्सची आकडेमोड म्हणूनच करतात, व्हेक्टर स्पेस आणि लिनिअर मॅप काय ते डोळ्यासमोर येत नाही आणि एन्ट्रन्सला तिथेच अडकतात. एमएस्सीच्या एन्ट्रन्सपैकी जॅम (आयआयटी वगैरेंसाठीची) फेब्रुवारीत असते, सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आणि आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) यांच्या मे महिन्यात, म्हणजे टीवायची दिवाळी झाली की वेळ उरत नाही.

दूरदेशी_ताई
सरांचं बाकी सगळं पटलं पण लेबेगबद्दल माझं मत वेगळं आहे, शिकवणारे कसेही असले तरी घे, पेपर असला की निदान वाचलं तरी जातं. मी इकडे अमेरिकेत पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. इथल्या आरईयूच्या, म्हणजे डिग्रीच्या मुलांसाठीच्या उन्हाळी रिसर्च प्रोग्रामच्या, मागे लागू नकोस, सरकारी पैशावर चालणारे ते प्रोग्राम नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतात, मी त्यात एक अख्खी हिवाळी सुट्टी घालवली होती. इथे ॲडमिशनला बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात आणि "हुशार आहे, पहिली आली" एवढ्या पत्राचा उपयोग होत नाही, तुला विचार करताना जवळून पाहिलेलं माणूस लागतं.

मेलचं म्हणशील तर "मला आपल्याकडे इंटर्नशिप हवी आहे" असे मेल त्यांना ढिगाने येतात. त्यापेक्षा काय वाचलंस, कुठल्या पानावर अडलीस, स्वतः काय करून पाहिलंस हे पाच ओळीत लिही. पण त्याच्याही आधी तुझ्या सरांना विचार की आठवड्यातून एक तास मी फळ्यावर सांगते, तुम्ही ऐकाल का. रिसर्च करत नसले म्हणून काय झालं, प्रश्न तर विचारतील.

गणितवेडी_नगर
सगळ्यांचे खूप खूप आभार. आज सरांना विचारलं, ते क्षणभर काही बोललेच नाहीत, मग म्हणाले शनिवारी प्रॅक्टिकल संपलं की ये, मीही परत वाचून येतो. नंबर थिअरी पक्की केली, लेबेगचं सोमवारी ठरवते. एप्सिलॉन दादा, ते अंतर १ वालं उदाहरण वहीत करून पाहिलं. बॉलची त्रिज्या अर्ध्याऐवजी १ घेतली तरी चालेल ना? ओपन बॉल आहे म्हणजे बरोबर १ अंतरावरचे बाहेरच राहतील?

एप्सिलॉनवाला
चालेल, कारणही बरोबर. आता १.१ घे आणि काय होतं ते शनिवारी सरांना फळ्यावर दाखव.