संकेतस्थळ एआय एजंटसाठी सज्ज आहे की नाही, हे नेमके कसे तपासावे?

ग्रंथदालन (प्रश्न):
नमस्कार. मी एका मराठी पुस्तकविक्री संकेतस्थळाची तांत्रिक बाजू सांभाळतो. एआय एजंटसाठीची (वापरकर्त्याच्या वतीने संकेतस्थळे उघडून काम करणाऱ्या प्रोग्रामसाठीची) सज्जता गुणांमध्ये सांगणाऱ्या एका मोफत तपासणीत आमच्या स्थळाला फारच कमी गुण मिळाले. एलएलएम्स डॉट टीएक्सटी (एआयसाठी स्थळाची ओळख देणारी मजकूर फाईल) नाही, एमसीपी सर्व्हर (एआयला स्थळाच्या सेवा थेट जोडून देणारा) नाही, पानांची मार्कडाउन (साध्या मजकुरातील) आवृत्ती नाही, अशी त्रुटींची यादी आली आहे. मालकांना गुण वाढलेले हवे आहेत. परंतु एखाद्या ग्राहकाने आपल्या एआय सहायकाला ‘अमुक पुस्तक ३०० रुपयांच्या आत मिळत असेल तर मागव’ असे सांगितले, तर ते काम आमच्याकडे तडीस जाईल की नाही, हे त्या गुणांवरून कळत नाही. तपासणीची सुरुवात कोठून करावी?

दीपस्तंभ:
आपण शेवटी जे काम लिहिले आहे, तेच एजंटला प्रत्यक्ष सांगून पाहावे; याहून चांगली तपासणी मला ठाऊक नाही. एलएलएम्स डॉट टीएक्सटी ही जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेली कल्पना आहे. ती फाईल ठेवल्याने नुकसान काही नाही, पण तिच्यामुळे पुस्तक विकले जाईल असेही नाही. एमसीपी सर्व्हरची पुस्तकांच्या दुकानाला आज घाई नसावी.

त्याआधी जावास्क्रिप्ट बंद करून पुस्तकाचे पान उघडा. नाव, किंमत आणि साठा मूळ एचटीएमएलमध्ये दिसत नसतील, तर जावास्क्रिप्ट न चालवणाऱ्या अनेक एआय क्रॉलरच्या (पाने आपोआप वाचून गोळा करणाऱ्या प्रोग्रामच्या) दृष्टीने ते पान रिकामेच असते. ब्राउझर चालवणारे एजंट जावास्क्रिप्ट चालवतात खरे, पण त्यांतील बरेचसे पडद्याच्या चित्राबरोबर किंवा त्याऐवजी ॲक्सेसिबिलिटी ट्री वाचतात, म्हणजे दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर जे वाचतो तेच. ‘कार्टमध्ये टाका’ हे खरे बटण आहे, की केवळ रंगवलेला चौकोन? पिन कोडच्या रकान्याला लेबल आहे का? माऊस बाजूला ठेवून, केवळ कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर वापरून खरेदी पूर्ण होते का, ते पाहा. दृष्टिहीन वाचकांसाठी जे काम करण्याची आपल्यापैकी बहुतेकांनी वर्षानुवर्षे टाळाटाळ केली, ते आता एजंटच्या निमित्ताने तातडीचे ठरावे, याचे मला थोडे वैषम्य वाटते.

पहारेकरी:
वरील सर्व ठीक असूनही एजंट दारातूनच परत जात असू शकतो, म्हणून सर्व्हरचे लॉग (आलेल्या विनंत्यांच्या नोंदी) अवश्य पाहावेत. ओपनएआयचाच विचार केला तर प्रशिक्षणासाठी जीपीटीबॉट, शोधासाठी ओएआय-सर्चबॉट आणि वापरकर्त्याच्या सांगण्यावरून पान उघडणारा चॅटजीपीटी-यूजर अशी निरनिराळी नावे आहेत. पहिल्याला नकार देऊन उरलेल्या दोघांना वाट देणे हा पूर्णपणे सुसंगत निर्णय आहे, आणि तो तांत्रिक माणसाने परस्पर न घेता मालकांनी घ्यावा. रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाईलमध्ये बॉटना दिलेली सूचना ही केवळ विनंती असते. खरी अडवणूक फायरवॉल किंवा सीडीएन (स्थळाची पाने मधल्या सर्व्हरवरून पोहोचवणारी सेवा) करतात. क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीने जुलै २०२५ मध्ये नव्या स्थळांसाठी एआय क्रॉलर मुळातच अडवण्याचे धोरण जाहीर केले, त्यामुळे आपल्याकडे ती सेवा असल्यास तिथली सेटिंग तपासावी. लॉगमध्ये ४०३ (प्रवेश नाकारल्याचा संकेत) दिसला, तर कारण बहुधा तेथेच सापडेल. मात्र यूजर-एजंटचे नाव (प्रोग्राम स्वतःची ओळख म्हणून सांगतो ते) कोणीही लावू शकतो; आयपी पत्ते कंपन्यांनी प्रसिद्ध केलेल्या यादीशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नये.

अक्षरजुळणी:
मराठी स्थळांची एक वेगळी अडचण वर आलेली नाही. जुन्या पुस्तकांची वर्णने अनेकदा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधून जशीच्या तशी चिकटवलेली असतात. तो फॉन्ट असेपर्यंत पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण खाली साठवलेला मजकूर निव्वळ रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असतो. एजंट तीच वाचतो. वर्णन कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवले की सत्य लगेच कळते. मुखपृष्ठाच्या चित्रावर छापलेली सवलतही मजकुरात लिहिलेली असावी.

अंकांकडेही लक्ष द्यावे. किंमत वाचकाला ‘₹३५०’ अशी दाखवण्यास काहीच हरकत नाही, परंतु स्कीमा डॉट ऑर्गच्या (यंत्रांसाठी ठराविक साच्यात पानात दिलेल्या) माहितीत ती इंग्रजी अंकांत आणि चलनाच्या संकेतासह द्यावी. उलट दिशेने, एजंटने पिन कोड देवनागरी अंकांत भरला तर जावास्क्रिप्टमधील अंक तपासणारे नेहमीचे सूत्र तो नाकारते. अशा वेळी फॉर्मने अंक स्वतःच बदलून घ्यावेत, किंवा निदान काय चुकले ते मजकुरात सांगावे. रकान्याभोवती नुसती लाल चौकट उमटवणे पुरेसे नाही.

ग्रंथदालन:
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. वर्णनांपैकी बरीच खरोखरच जुन्या फॉन्टमधील आहेत, त्यामुळे ते काम प्रथम हाती घेतो. पैसे भरण्याच्या टप्प्यावर काय अपेक्षित धरावे?

दीपस्तंभ:
एजंटने तेथे थांबावे आणि ग्राहकाने पुढे व्हावे, हेच अपेक्षित धरा. आपल्याकडे कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला बहुतेक वेळा ओटीपीसारखी जास्तीची पडताळणी लागतेच, आणि ती चुकवण्याचा मार्ग शोधू नये. त्याऐवजी कार्ट काही तास टिकून राहील आणि टपालखर्चासह एकूण रक्कम त्या पानावर स्पष्ट लिहिलेली असेल, एवढे पाहावे. आणखी एक चाचणी मुद्दाम करावी: पान हळू उघडत असताना ‘ऑर्डर द्या’ हे बटण दोनदा दाबून पाहावे. उत्तर आले नाही की एजंट पुन्हा प्रयत्न करतो, आणि सर्व्हरने दुसरी विनंती ओळखून पहिल्याच ऑर्डरचा क्रमांक परत दिला नाही, तर ग्राहकाच्या घरी एकाच पुस्तकाच्या दोन प्रती पोहोचतील.