बर्फातली स्कीइंग फोटोग्राफी: मुंबईत राहून सुरुवात कुठून करायची?

कल्याणस्लो

नमस्कार मंडळी. वय २४, राहतो डोंबिवलीत. तीन वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, आणि सुट्टी मिळाली की सह्याद्री. कोकणकड्यावर रॅपलिंग करणाऱ्या मित्रांचे फोटो काढले होते, ते बऱ्याच जणांना आवडले. फेब्रुवारीत मित्रांबरोबर गुलमर्गला गेलो होतो, निव्वळ पर्यटक म्हणून. गोंडोलातून, म्हणजे तिथल्या रोपवेतून, खाली बघताना झाडांमधून एक स्कीअर बर्फ उडवत आला आणि दिसेनासा झाला. त्याच्या खालच्या अंगाला एक जण कमरेइतक्या बर्फात कॅमेरा घेऊन बसला होता. माझी नजर त्याच्यावरच राहिली. परत आल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

माझ्याकडे एक फुलफ्रेम कॅमेरा बॉडी, २४-७० आणि ७०-२०० या लेन्स आहेत. साठवलेले दीड लाख आहेत. आणखी लांबची १००-४०० लेन्स घ्यावी का? स्कीइंग अजिबात येत नाही, तेवढं शिकायला किती दिवस लागतात? आणि यावर पोट भरतं का?

आईचा एकच प्रश्न आहे: तिथे काही झालं तर आम्हाला कळवणार कोण? त्याचं उत्तर मला देता आलं नाही.

हिमरेघ

२४ वर्षांचा आहेस म्हणून एकेरीत लिहिते. माझं घर मुलुंडला, आणि गेले नऊ हिवाळे मी जानेवारी ते मार्च गुलमर्गला असते.

लेन्स घेऊ नकोस. ७०-२०० वर माझं बहुतेक काम झालंय. तुझे दीड लाख स्की शिकण्यात आणि बर्फ ओळखायला शिकण्यात जाऊ देत. या कामात फोटोग्राफरला स्कीअरच्या आधी जागेवर पोहोचावं लागतं, तो निघून गेल्यावरही थांबावं लागतं, आणि मग बारा-पंधरा किलोची सॅक पाठीवर घेऊन त्याच उतारावरून खाली यावं लागतं. तो हलका असतो, तू जड असतोस. जागेवर पोहोचताच येत नसेल, तर हातात कुठली लेन्स आहे याने काहीच फरक पडत नाही.

शिकायला गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे स्की कोर्स सोलंगला होतात. औलीलाही शिकता येतं. पहिल्या कोर्समध्ये तू फक्त पडायला, थांबायला आणि वळायला शिकशील. तयार केलेल्या उतारावर नीट उतरता येणं वेगळं आणि मोकळ्या, खोल, न तुडवलेल्या बर्फात सॅक घेऊन उतरणं वेगळं. मला दुसरं जमायला तीन हिवाळे लागले. त्यातला पहिला हिवाळाभर मी कॅमेरा खोलीवरच ठेवायचे.

आता खरं सांगायचं ते. हे मी सहसा लिहीत नाही, पण तू त्या कमरेइतक्या बर्फात बसलेल्या माणसाबद्दल लिहिलंस म्हणून लिहिते.

माझा चौथा हिवाळा. दोन दिवस बर्फ पडून गेला होता, वारंही होतं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ लख्ख. गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखराच्या धारेखाली आम्ही तिघं: स्कीअर, स्थानिक गाइड आणि मी. प्रकाश बाजूने येत होता. असा तिरका प्रकाश असला की बर्फाचा कण न् कण दिसतो. स्कीअर एकदा खाली आला. फ्रेम चांगली होती, पण उडालेल्या बर्फाआड चेहरा गेला. मी हात वर केला, पुन्हा ये म्हणून. आणि उजवीकडचा बर्फ आता कापला गेला होता, म्हणून डावीकडून ये अशी खूण केली. तो परत वर चढला आणि डावीकडून निघाला. दुसऱ्याच वळणाला त्याच्या स्कीच्या वरच्या बाजूला एक भेग धावत गेली आणि आमच्या सोसायटीच्या आवाराएवढी बर्फाची लादी सुटली. तो उजवीकडच्या दगडी सोंडेवर कसाबसा निसटला. लादी खाली जाऊन फुटली, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तो स्वतःहून डावीकडे गेला नसता. तो उतार जास्त उभा होता, वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ तिथेच साचला होता. मी हात वर केला म्हणून तो गेला. ती भेग माझ्या एका फ्रेममध्ये आहे, त्याच्या डोक्याच्या वर, केसासारखी. ती फ्रेम मी कुणाला विकली नाही.

गाइड तेव्हा काहीच बोलला नाही. दुपारी त्याने मला एका बुटक्या, सुरक्षित उतारावर नेलं, फावड्याने खड्डा खणला आणि बर्फाची भिंत दाखवली. वर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर, त्याखाली साखरेसारखा मोकळा, दाणेदार बर्फ. मुठीत घेतला तर मूठ वळेना. वरची लादी त्या साखरेवर नुसती टेकलेली होती. मला बर्फ कळला तो त्या खड्ड्यात.

अशा लाद्या बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि स्कीइंगच्या फोटोला देखणा दिसणारा उतारही नेमका तोच असतो. माणसांचे जीव घेणाऱ्या ॲव्हलांचपैकी (हिमस्खलनांपैकी) बहुतेक त्या माणसाने किंवा त्याच्याच बरोबरच्या कुणीतरी सुरू केलेल्या असतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर ॲव्हलांचमध्ये दोन पोलिश स्कीअर दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची आशा मोठी असते, पुढे ती झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात खालून कुणी येत नाही. बरोबरच्या माणसांनीच शोधायचं आणि उपसायचं. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्या माणसाचा रेडिओ सिग्नल देणारं आणि शोधणारं छोटं यंत्र; सगळे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, कुठल्याही कंपनीचा कुठल्याही कंपनीला सापडतो), सॅकमध्ये प्रोब (बर्फात टोचून बघायची लांब घडीची काठी) आणि धातूचं फावडं. कॅमेरा राहिला तरी चालेल, या तीन वस्तू राहता कामा नयेत.

त्या दिवसापासून मी असं करते. गुलमर्गची स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं सुरक्षा पथक, जे ॲव्हलांच बुलेटिन काढते ते सकाळी आधी वाचते. कुठून उतरायचं ते स्कीअर आणि गाइड ठरवतात, मी त्या रेषेप्रमाणे माझी जागा शोधते. उताराच्या तळाशी, जिथे सगळं येऊन पडेल तिथे, मी बसत नाही. बाजूच्या सोंडेवर किंवा दाट झाडीत बसते. आणि ‘पुन्हा ये’ म्हणत नाही. समोर कॅमेरा आहे म्हटलं की चांगला, जाणता स्कीअरही एक पाऊल पुढे टाकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फोटोचं थोडक्यात. कॅमेरा पांढऱ्या बर्फाला राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वर, म्हणजे मुद्दाम उजळ ठेव आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघत राहा. शटर १/१६०० सेकंदापेक्षा हळू नको. लाल, पिवळं, निळं जाकीट. काळ्या कपड्यातला माणूस ढगाळ दिवशी नुसता डाग दिसतो. ढग उतरले की वरचा उघडा उतार सपाट पांढरा होतो, जमीन कुठे आणि आभाळ कुठे कळत नाही. अशा दिवशी खाली भूर्जांच्या आणि देवदार-फरच्या झाडीत यायचं. खोडांमुळे खोली मिळते. माझे सगळ्यात आवडते फोटो अशाच वाईट दिवसांतले आहेत, बाबारेशीच्या जंगलातले. आणि चालताना भान ठेव: न तुडवलेल्या बर्फातून तू आडवा गेलास की तुझ्या पावलांनी चित्र संपलं.

आईच्या प्रश्नाबद्दल. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. परदेशी व्हिडिओ बघून सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर मागवू नकोस. आपल्याकडे परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे, त्यात लोक अडकलेत. ड्रोनचंही तेच, नियंत्रण रेषा जवळ आहे, परवानगीशिवाय उडवायचा नाही. मी रोज सकाळी गाइडचा नंबर, जायची जागा आणि परतायची वेळ हॉटेलच्या काउंटरवर लिहून ठेवते आणि तेच घरी पाठवते. वेळ टळून गेली की कुणाला फोन करायचा हे माझ्या आईला पाठ आहे. तुझ्या आईलाही असंच लिहून दे.

बोराबाजार

मी फोर्टात कॅमेरे दुरुस्त करतो, २२ वर्षं झाली. डोंगरावर कधी गेलेलो नाही, पण डोंगरावरून आलेले कॅमेरे माझ्या टेबलावर येतात, म्हणून दोन गोष्टी.

कॅमेरे थंडीने फारसे मरत नाहीत, थंडीतून एकदम गरम खोलीत आणल्याने मरतात. जून महिन्यात एसी लोकलमधून प्लॅटफॉर्मवर उतरलं की चष्मा कसा धुकटतो? तसंच पाणी लेन्सच्या आतल्या काचांवर आणि सर्किटवर धरतं. बुखारी (काश्मिरी शेगडी) पेटवलेल्या खोलीत शिरण्याआधी, बाहेरच्या थंडीतच, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून बंद करायचा. मग आत आणायचा आणि दोन-तीन तास पिशवी उघडायची नाही. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड बाहेर असतानाच काढून घ्या. बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. थंडीने मेलेली बॅटरी ऊब मिळाली की बऱ्याचदा पुन्हा जागी होते, फेकून देऊ नका. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

दुसरं, बर्फाइतकीच मुंबई वाईट. हिवाळ्यात तीन महिने वापरलेली लेन्स पावसाळ्यात चामड्याच्या बॅगेत बंद पडून राहते आणि गणपतीपर्यंत आत बुरशीचं जाळं. ड्राय कॅबिनेट घ्या, आर्द्रता ४० ते ४५ टक्क्यांवर ठेवा. ते नाही परवडलं तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. १००-४०० च्या आधी हे घ्या.

लोअरपरळ

मी स्पष्ट लिहितो. माझा पुतण्या याच नादात दोन वर्षं होता. जानेवारी-फेब्रुवारी हे लग्नांचे महिने, तेव्हाच तो बर्फात. हातची कामं गेली आणि बर्फातून काहीच आलं नाही. हौस म्हणून जरूर जा, पण लग्नांचं काम सोडू नकोस. घरी मिळवणारं दुसरं कुणी आहे का, याचा आधी विचार कर.

कल्याणस्लो

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा तो भेगेचा प्रसंग रात्री आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, या बाईंना विचार की पैशाचं त्या कसं करतात. काका, तुमचं म्हणणंही पटतंय. घरी मी आणि आई दोघंच आहोत.

हिमरेघ

लोअरपरळ म्हणतात ते खरं आहे आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. माझे पहिले दोन हिवाळे पूर्णपणे स्वतःच्या खिशातून गेले. आजही वर्षाचे नऊ महिने मी मुंबईत इमारतींचे आणि कारखान्यांचे फोटो काढते, त्यावर घर चालतं. बर्फातले पैसे येतात ते तिथे येणाऱ्या परदेशी स्कीअरच्या गटांकडून, गाइड कंपन्यांकडून, हॉटेलांकडून, कपड्यांच्या ब्रँडकडून. एखाद्या वर्षी बर्फ उशिरा पडतो आणि सगळी कामं रद्द होतात. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, त्या महिन्यात मला एक रुपया मिळाला नाही. तुम्ही दोघंच असाल तर पहिल्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरची लग्नं भरपूर घे, फेब्रुवारीतला एकच पंधरवडा बर्फासाठी ठेव, आणि त्यात फक्त कोर्स कर.

एक कायद्याची गोष्ट लग्नांच्या कामातही उपयोगी पडेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. मला हे ठाऊक नव्हतं. एका कंपनीसाठी दोन दिवस काम केलं, ठरलं होतं ते फक्त वेबसाइटसाठी आणि तेही तोंडी. वर्षभराने माझा फोटो हमरस्त्यावरच्या होर्डिंगवर दिसला आणि मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून फोटो कुठे, किती महिने, कुठल्या माध्यमात वापरायचा हे एका पानावर लिहून सही घेतल्याशिवाय मी बॅग भरत नाही.

जुलैत मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघात गिरिमित्र संमेलन भरतं, तिथे ये. हिमालयात काम करणारी माणसं तिथे प्रत्यक्ष भेटतात. पाय आणि मांड्या आतापासून तयार कर; सॅकमध्ये दहा किलो घालून जिना, आणि चढण्यापेक्षा उतरण्यावर भर.

आणि बीकन वापरायला बर्फच लागतो असं नाही. आम्ही चार-पाच जण महिन्यातून एकदा अक्साच्या वाळूत सराव करतो. एक जण बीकन डब्यात घालून हातभर खोल पुरतो, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचा, प्रोबने टोचायचा, फावड्याने काढायचा. वाळू ओली असली की जड लागते, पण सुटलेला बर्फही थांबला की असाच घट्ट होऊन बसतो. पाण्यात कुणी उतरायचं नाही, ती चौपाटी धोक्याची आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मालाड स्टेशनच्या पश्चिमेला, बस स्टॉपपाशी. माझ्याकडे एक जास्तीचं बीकन आहे, फावडं मात्र तुझं तू आण. आईला यायचं असेल तर त्यांनाही घेऊन ये, किती मिनिटं लागतात ते त्यांनी स्वतः मोजावं.

कल्याणस्लो

येतो. आईही येते म्हणाली. घड्याळ तीच लावणार आहे.