ब्युटिरेटच्या गोळ्या घ्याव्यात का? सासऱ्यांसाठी सल्ला हवा (नाशिक)

द्राक्षवेल:
नमस्कार मंडळी. सासरे ६८ वर्षांचे, आम्ही इंदिरानगरला राहतो. पोट साफ होत नाही ही त्यांची जुनी तक्रार. कोलोनोस्कोपीत काही निघालं नाही, डॉक्टर म्हणाले जेवणातला चोथा वाढवा. आता सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी ब्युटिरेटच्या (आतड्यासाठी चांगलं म्हणतात ते एक मेदाम्ल) गोळ्यांचं डोक्यात भरवलंय. दुसरे म्हणतात, तुपात तेच असतं, रोज दोन चमचे प्या. गोळ्या महाग आहेत. काय करावं?

मिसळवेडा:
तूप प्या आणि मस्त राहा. गोळ्याबिळ्या कशाला!

सूक्ष्मजीवी:
मिसळवेडा, तुपात ब्युटिरिक आम्ल, म्हणजे ब्युटिरेटच, असतं खरं, तीन-चार टक्के. पण ते वरच्या वर, लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला लागणारं ब्युटिरेट तिथेच तयार व्हावं लागतं. आपल्याला न पचलेला चोथा आणि थोडा स्टार्च खाली उतरतो, जिवाणू तो आंबवतात आणि ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही मेदाम्लं बनतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटमधूनच घेतात. २०१५ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला: दक्षिण आफ्रिकेतले खेडूत आणि आफ्रिकन-अमेरिकन लोक, दोघांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. भरपूर चोथा खाणाऱ्या अमेरिकनांचं ब्युटिरेट वाढलं, अस्तरातला दाह कमी झाला. खेडुतांचं नेमकं उलटं! दोन आठवड्यांत, बरं का.

म्हणून गोळ्यांचे पैसे मटकी, हरभरा, कुळीथ, चवळीवर घाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सांगते. भात-बटाटा शिजवून गार केला की न पचणारा स्टार्च थोडा वाढतो, पण त्याचं फार कौतुक नको. उसळ जास्त कामाची. उरलेला भात फ्रिजमध्येच ठेवा, रात्रभर ओट्यावर नाही.

मिसळवेडा:
म्हणजे मिसळ औषध ठरली!

सूक्ष्मजीवी:
मटकी ठरली. तर्री आणि पाव तुमचे तुम्ही बघा.

द्राक्षवेल:
😄 पण उसळ खाल्ली की त्यांना गॅस होतो. आणि इसबगोल चालू आहे, ते पुरेल का?

सिडकोची_आजी:
अगं, एकदम वाटीभर देऊ नकोस. मोड आणून, नीट शिजवून, आधी दोन-तीन चमचे. आठवडाभराने वाढव. पाणी भरपूर हवं. कांदा-लसणानेही काहींना फुगतं, तेवढं बघ.

सूक्ष्मजीवी:
आजी बरोबर बोलल्या. इसबगोल पोट साफ व्हायला उत्तम, चालू राहू द्या. पण जिवाणू ते फारसं आंबवत नाहीत, म्हणून उसळीची जागा ते घेणार नाही. आणि कोलोनोस्कोपी नॉर्मल आली असली तरी शौचातून रक्त दिसलं किंवा वजन उतरू लागलं, तर आमच्यासारख्यांना विचारत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे.

द्राक्षवेल:
गोळ्या रद्द. नागलीची (नाचणीची) भाकरी चालेल ना? चांगली कुठे मिळेल?

सिडकोची_आजी:
चालेल काय, धावेल! बुधवारी गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजारात बघ, पेठ-सुरगाण्याकडची मिळाली तर घे. गिरणीतून थोडी-थोडीच दळून आण, आणि पीठ चाळू नकोस.