आएस ग्रावे (रोमन ओतीव ब्राँझ) घ्यायचं डोक्यात आहे, घेऊ का?

फ्रँकफुर्टी_पुणेकर:
नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. मूळचा पुण्याचा, सध्या नोकरीमुळे फ्रँकफुर्टला. आजोबांकडे एक पत्र्याचा डबा होता, त्यात शिवराया, ढब्बू पैसे, असलं सगळं, आणि त्यांचं एकच म्हणणं असायचं की नाणं हातात घेतलं की हाताला कळलं पाहिजे. तो डबा आता काकांकडे आहे, मला मिळणार नाही हे नक्की, पण खोड लागली ती लागलीच. इथे येऊन रोमन चांदीची पाच-सहा दिनारी घेतली, छान आहेत, पण हाताला काही कळत नाही, शर्टाचं बटण धरल्यासारखं वाटतं.

तर परवा एका लिलावाच्या यादीत एक सेक्स्टन्स (मुख्य नाण्याच्या सहाव्या भागाचं छोटं नाणं) दिसलं. ओतीव ब्राँझ, एका बाजूला शिंपला आणि दोन ठिपके, दुसऱ्या बाजूला सापांची काठी, वजन 48 ग्रॅम. फोटो बघूनच हात शिवशिवायला लागलाय. पण तीन शंका आहेत. एक, कडेने ओतकामाची रेघ दिसतेय, आणि मी तर शिकलोय की रेघ दिसली की नकली. दोन, हिशोबाने सेक्स्टन्स 54च्या आसपास हवं, हे 48 कसं? तीन, उद्या पुण्याला परत गेलो तर बरोबर नेता येईल का? किंमत इथे लिहीत नाही, बायको पण इथेच असते.

जुनं_खोड:
ये ये, शेवटी बोललास. आधी वजनाचं बोलू, कारण आएस ग्रावेची सगळी गंमतच वजनात आहे. आएस म्हणजे तांबं-ब्राँझ, ग्रावे म्हणजे जड. मुख्य नाणं 'अस' (माझा फोन सारखं 'असं' करतोय, समजून घ्या). एक अस म्हणजे एक रोमन पौंड ब्राँझ, साधारण 324 ग्रॅम, त्याचे बारा भाग, एक भाग म्हणजे उन्सिया. इंग्रजीतला औंस आणि इंच दोन्ही त्यातूनच आलेत. सेमिसवर S, म्हणजे अर्धा, खाली ट्रीन्सवर चार ठिपके, क्वाड्रन्सवर तीन, सेक्स्टन्सवर दोन, उन्सियावर एक, म्हणजे एक ठिपका एक उन्सिया. वाचता न येणाऱ्यालाही बोटाने चाचपून कळेल. तुझ्या त्या दोन ठिपक्यांचा अर्थ हाच.

आता 48. बाबा रे, ही नाणी एकेक तोलून पाडलेली नाहीत, ओतलेली आहेत. एका पौंडातून एवढी नाणी निघाली पाहिजेत असा हिशोब, मग एखादं 60 भरतं, एखादं 45. तू फ्रँकफुर्टला आहेस म्हणून सांगतो, तुझ्याच गावात हेबरलिन नावाचा एक वकील होता, त्याने आयुष्यभर ही नाणी जमवली आणि मोजली, 1910 साली मोठा ग्रंथ काढला, त्यात वजनांच्या याद्याच याद्या आहेत. त्या याद्या चाळल्यास की 48ची भीती जाईल. दिनारीच्या बाबतीत अर्ध्या ग्रॅमचा फरक म्हणजे धोक्याची घंटा, इथे पाच-सहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही. त्यामुळे वजन बरोबर भरलं म्हणून नाणं खरं, असंही कुणी म्हणू नये.

शिंपला आणि काठी म्हणजे क्रॉफर्ड 14 (रोमन नाण्यांच्या क्रॉफर्डच्या सूचीतला क्रमांक), जेनस-मर्क्युरी मालिका, इ.स.पू. 280च्या आसपासची, अगदी सुरुवातीची. नवशिक्यासाठी याहून चांगली मालिका नाही. देव कमी आणि वस्तू जास्त: वज्र, डॉल्फिन, जवाचे दाणे, उघडा पंजा, शिंपला. नंतर इ.स.पू. 225च्या सुमाराला सगळ्या नाण्यांच्या मागे एकच जहाजाचं नाक आलं (क्रॉफर्ड 35), पुढे असवर दोन तोंडांचा जेनस, सेमिसवर सॅटर्न, ट्रीन्सवर मिनर्व्हा, क्वाड्रन्सवर हर्क्युलीस. दिसायला भारी, पण एकदा पाच बघितली की झालं. एक मात्र आवडतं, रोमन पोरं नाणं उडवताना आपल्यासारखं छापा की काटा न म्हणता 'डोकं की जहाज' म्हणायची, आणि ही सवय पुढे कित्येक शतकं राहिली, नाण्यावरचं जहाज गेलं तरी. मॅक्रोबिअस या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय.

अस घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. सगळे नवीन लोक तीनशे ग्रॅमच्या मोहात पडतात, खिसा रिकामा करून एक झिजलेला अस घेतात आणि मग दोन वर्षं काही घेता येत नाही. त्याच पैशात सेक्स्टन्स, उन्सिया, एखादं ट्रीन्स, आणि तेही बऱ्या स्थितीतलं.

ढब्बूपैसा:
खोडकाकांशी सहमत, पण मला वाटतं फक्त रोमवर अडकून राहू नये. मजा इटलीतल्या बाकीच्या गावांत आहे. उंब्रियात तुदेर आणि इगुव्हिअम, म्हणजे आजचं तोडी आणि गुब्बिओ, एट्रुरियात व्होलातेर्रे, एड्रियाटिकच्या बाजूला हात्रिया (आत्री) आणि अरिमिनम (रिमिनी). अरिमिनमच्या नाण्यांवर गळ्यात कडं घातलेला गॉल आहे, मिशीवाला, बघितला की आपला कुणीतरी मामाच वाटतो. आणि गंमत म्हणजे त्या किनाऱ्याला अस बारात नाही, दहात विभागलेला. म्हणून तिकडे पाच ठिपक्यांचं अर्धं नाणं मिळतं, क्विंकुन्क्स. आपल्याकडे कसं एका पेठेत शेर वेगळा आणि दुसऱ्या पेठेत वेगळा, तसंच.

आणि एक इशारा, कुणी 'आएस रूड' म्हणून हिरवट ढेकळं विकत असेल तर लांब राहा. नाण्यांच्या आधी लोक ब्राँझचे तुकडे तोलूनच व्यवहार करायचे हे खरंय, पण त्या ढेकळावर ना शिक्का ना अक्षर, कुठल्या भट्टीतला गाळ आणि कुठला इ.स.पू. पाचव्या शतकातला पैसा हे सापडल्याची जागा माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. मी एकदा घेतलंय. सध्या पेपरवेट आहे.

फ्रँकफुर्टी_पुणेकर:
ढब्बूभाऊ, पेपरवेट 😀 पण रेघेचं कुणीच सांगितलं नाही. आणि एक बावळट प्रश्न, आपल्याकडे दक्षिणेत रोमन नाणी सापडतात त्यात ही कधी सापडलीत का?

ढब्बूपैसा:
नाही रे. इकडे सापडतात ती ऑगस्टस-टायबेरिअस आणि पुढची, चांदी-सोन्याची, मिऱ्याच्या व्यापारातली. आएस ग्रावे त्याच्या दोनशे वर्षं आधीच बंद पडलं होतं. भारताचा संबंध जोडायचाच असेल तर तो उलटा आहे: आएस सिग्नाटम म्हणजे दीड-दीड किलोच्या ओतीव विटा, त्यातल्या एकीवर एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला डुकरीण. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो हत्ती भारतीय मानतात, पिऱ्हस हा ग्रीक राजा इटलीत चालून आला तेव्हा (इ.स.पू. 280-275) त्याच्याकडे होते त्यातला. आणि रोमनांनी डुकरांच्या किंकाळ्यांनी ते हत्ती बिथरवले अशी गोष्ट एलिअन या रोमन लेखकाने सांगितलीय. गोष्ट खरी की विटेवरून नंतर रचली, देव जाणे.

शिरोलीचा_फाउंड्रीवाला:
रेघेचं मी सांगतो, कारण बाकी इतिहास मला कळत नाही पण कास्टिंग आमच्या रोजच्या जेवणातलं आहे. कोल्हापूरला फाउंड्रीत आहे, बावीस वर्षं. चांदीचं नाणं ठोकून पाडतात, त्याच्या कडेला रेघ म्हणजे कुणीतरी साचा घेऊन ओतलंय, म्हणून नकली. हे बरोबरच. पण तुझं सेक्स्टन्स मुळातच ओतलेलं आहे भावा, मग पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ, असणारच की. दोन भागांचे मोल्ड, एकामागं एक नाण्यांचे खड्डे, मधनं रनर (रस वाहायची नाळ), वरनं रस ओतला की सगळी माळ एकदम. गार झालं की छिन्नीनं तोडायची. म्हणून बघ, खऱ्या नाण्याला कडेला एका किंवा दोन्ही टोकांना तोडल्याची खूण पाहिजे, आणि बऱ्याचदा दोन बाजू एकमेकांवर नीट बसलेल्या नसतात, आम्ही त्याला मिसमॅच म्हणतो. आमच्याकडं मिसमॅच आला की माल रिजेक्ट, तिकडं दोन हजार वर्षांनी त्याचे युरो मिळतात.

नकली कसं ओळखायचं म्हणशील तर तीन गोष्टी बघ. खऱ्या नाण्यावरनं साचा घेऊन ओतलं की धातू आकसतो, नाणं किंचित लहान होतं आणि नक्षीची धार जाते, कडा साबण वापरल्यासारख्या गोल होतात. दुसरं म्हणजे ब्लो होल. बुडबुड्यांचे खड्डे खऱ्यातही असतात, पण दोन वेगळ्या नाण्यांवर त्याच जागी तेच खड्डे दिसले की समजायचं एकाचीच पोरं आहेत. जुन्या लिलावांचे फोटो शोधून शेजारी ठेव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोडल्याची खूण. हिरवा-तपकिरी थर त्या खुणेवरनंही तसाच गेला पाहिजे. तिथं चकचकीत फाइल मारलेली दिसली, किंवा कड सगळीकडनं गुळगुळीत केली असेल, तर का केली हे विचार. विक्रेत्याकडनं कडेचा फोटो माग, चारी बाजूंनी. फोटो देत नसेल तर विषय संपला.

आणि हात जोडून विनंती, घेतलंस तर चिंच-मीठ लावून घासू नकोस. माझ्या मेव्हण्यानं एक जुनी शिवराई अशी लखलखीत केली की ती आता कालची वाटते.

जुनं_खोड:
फाउंड्रीवाले, तुमच्यामुळे मला पंधरा वर्षांनी आज नीट कळलं, मी आत्तापर्यंत मिसमॅचला 'घसरलेलं' म्हणत होतो. एक जोडतो, फिकट हिरवी भुकटी बोटाला लागत असेल तर ते नाणं घेऊ नका, तो ब्राँझचा रोग असतो, क्लोराइडमुळे आतून पोखरत जातो आणि डब्यात ओल राहिली की वाढतो. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर वेगळा, तो राहू द्यायचा.

अजून एक गोष्ट सांगायचा मोह होतोय. तोलून पैसे द्यायची सवय रोमनांच्या भाषेत किती मुरली होती बघा. स्टायपेंड हा शब्द म्हणजे नाणी आणि तोलणं या दोन शब्दांची जोडगोळी. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की सैनिकांना पहिल्यांदा पगार सुरू झाला तेव्हा चांदीचं नाणं नव्हतं, म्हणून लोकांनी कराचं जड ब्राँझ गाड्यांत भरून खजिन्यात नेलं. आणि जमीन किंवा गुलाम विकायचा विधी तर पुढे कित्येक शतकं तसाच राहिला: पाच साक्षीदार, एक तराजू धरणारा, आणि घेणारा ब्राँझच्या तुकड्याने तराजूवर टक्कन वाजवणार. पैसे खरे वेगळेच दिलेले असायचे.

मग कार्थेजचा सेनापती हॅनिबल रोमवर चालून आला, इ.स.पू. 217च्या सुमाराला अस अर्ध्या पौंडावर आला, आणि 211च्या सुमाराला दिनार सुरू झाला तोवर पौंडाच्या सहाव्या भागावर. लढाईचा खर्च आला की नाण्याचं वजन उतरतं. एवढं हलकं झाल्यावर ओतायची गरजच संपली, ठोकून पाडायला लागले.

कागदपत्र_आधी:
तिसऱ्या शंकेकडे कुणी बघेना म्हणून मी. इटलीत जमिनीखाली सापडलेलं 1909च्या कायद्यापासून सरकारचं, म्हणून हे नाणं इटलीबाहेर कधी आणि कसं आलं याचा कागद माग. जुन्या संग्रहाचं नाव, जुन्या लिलावाची पावती, काहीही. जर्मनीतही 2016च्या कायद्याने हे महत्त्वाचं झालंय. आणि भारतात नेण्याआधी दहा वेळा विचार कर. आपला 1972चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या नाण्यांनाही लागतो, खाजगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि त्यात नाणं रोमचं की साताऱ्याचं असा भेद केलेला नाही. म्हणजे एकदा आत गेलं की परत फ्रँकफुर्टला विकायला आणता येणार नाही असंच धरून चाल. कस्टमला पावती दाखवून, नीट जाहीर करून ने. खिशात टाकून नको.

फ्रँकफुर्टी_पुणेकर:
सगळ्यांचे आभार, खरंच. अपडेट देतो. विक्रेत्याकडे कडेचे फोटो मागितले, दोन दिवसांनी आले, आणि कड चारी बाजूंनी घासलेली, तोडल्याची खूणच नाही. का घासली विचारलं तर म्हणाला आधीच्या मालकाने घासली असेल. आधीचा मालक कोण, तर माहीत नाही. फाउंड्रीवाले आणि कागदपत्रवाले, दोघांच्याही परीक्षेत नापास. सोडलं.

पण त्याच मालिकेतलं एक उन्सिया दुसरीकडे दिसतंय, 1960च्या दशकातली लिलावाची पावती आहे, मिसमॅच आहे, तुटल्याची खूण आहे, वर हिरवा थर आहे. त्यावर मेंढीच्या घोट्याचं हाड आहे, ते खेळायला वापरायचे म्हणे, आपल्या सागरगोट्यांसारखं. काल आईला फोनवर सांगितलं की सागरगोटा असलेलं रोमन नाणं घेतोय. म्हणाली घ्यायची तर पाच घे, एकाने काय खेळणार.