हॉटेलसमोर टेबलं मांडायची परवानगी कुठून काढायची? (पुणे)

थालीपीठ_आणि_लोणी:
नमस्कार मंडळी. कोथरूडला माझं मिसळ-थालीपिठाचं छोटं हॉटेल आहे, आत सहाच टेबलं. रविवारी सकाळी लोक पायरीवर ताटकळतात. त्यात एक आजोबा काठी टेकून उभे असतात, मला बघवत नाही. शटर आणि फुटपाथ यांच्यामध्ये बाराएक फूट फरसबंद जागा आहे. तिथे चार टेबलं आणि वर पत्र्याची शेड टाकावी म्हणते. एक एजंट पंचवीस हजारांत ‘लायसन’ आणून देतो म्हणतोय. असं लायसन असतं का? आजूबाजूला सगळ्यांनीच शेड टाकली आहे.

पाटावरवंटा:
ताई, कुठल्या खात्याचं, कुठल्या नियमाखाली, ते त्याच्याकडून लेखी घ्या. तोवर एक रुपया देऊ नका.

गल्ल्यावर_वीस_वर्षं:
ताई, ती बारा फूट म्हणजे बहुतेक फ्रंट मार्जिन, म्हणजे इमारतीपुढे सोडायची मोकळी जागा. इमारतीच्या मंजूर नकाशात ती मोकळी दाखवलेली असते आणि मोकळीच ठेवावी लागते. आग लागली तर बंब तिथूनच आत येणार. शेड टाकली की ते विनापरवाना बांधकाम, एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस येते. फुटपाथवर गेलेली खुर्ची तर महापालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली नोटीस न देताही उचलता येते.

मी हे भोगलंय. शेजाऱ्याचं बघून साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, शेड टाकली, एक लाख ऐंशी हजार घातले. एका सकाळी गॅसकटर घेऊन पथक आलं. आत रस्सा उकळत होता, गिऱ्हाइकं हातात पाव घेऊन उठली. पत्रे टेम्पोत गेले. शेजाऱ्याची शेडही त्याच दिवशी गेली. चूक माझीच होती.

तुम्ही आधी मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्राची (इमारत वापरायच्या परवानगीची) नक्कल काढा. माहिती अधिकारात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. नकाशा आर्किटेक्टला दाखवा आणि छप्पर न घालता नुसती टेबलं मांडलेली चालतील का, हे बांधकाम विभागाला लेखी विचारा. सोसायटीची एनओसी लागेलच, पण ती म्हणजे महापालिकेची परवानगी नव्हे. इथेच बरेच जण फसतात.

रविवार_सकाळ:
गच्चीवर करता येईल का? मुंबईत २०१७ मध्ये रूफटॉपचं धोरण आलं होतं ना?

गल्ल्यावर_वीस_वर्षं:
ते मुंबई महापालिकेचं, निवासी इमारतींना नाही, आणि गच्चीवर स्वयंपाकाला मनाई. त्याच वर्षी २९ डिसेंबरला मुंबईतल्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जण गेले. म्हणून सांगतो, परवानगी मिळाली तरी वर बांबू-ताडपत्री, कापडी झालर काही नको.

थालीपीठ_आणि_लोणी:
आमच्या वर तर घरंच आहेत, म्हणजे गच्ची बाद. पण मग रविवारचं काय करू?

पाटावरवंटा:
नंबर लिहून घ्या आणि टेबल रिकामं झालं की फोन करा. आमच्या इथे एकाने असंच केलं, लोक भाजी घेऊन येतात तोवर. आणि शेजारचा गाळा कधी रिकामा होतोय यावर नजर ठेवा.

थालीपीठ_आणि_लोणी:
एजंटला आत्ताच फोन करून नाही सांगितलं. सोमवारी अर्ज टाकते. गल्ल्यामागचं कपाट हलवलं तर आत दोन खुर्च्या बसतील, उद्या मोजते. त्यातली एक आजोबांची.